चुगली कोणती आणि फिर्याद कोणती?

गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत एक पत्र आले. कागद शाळेच्या वहीतला, अक्षर मुलीचे आणि मजकूर बापाचा. बाप धंद्याने सुतार आहे. त्याचे व गावाचे नाव आम्ही येथे देत नाही; का देत नाही, ते पुढे वाचले म्हणजे कळेल. पत्रातील मजकूर थोडक्यात असा :

‘रामराम वि. वि. आमची थोरली यंदा दहावीच्या परीक्षेस बसली. गणिताच्या पेपराला तासभर झाल्यावर वर्गावरच्या मास्तरांनी दार लोटून घेतले आणि फळ्याशी उभे राहून उत्तरे सांगावयास सुरुवात केली. त्याकरिता आदल्या आठवड्यात दर मुलामागे तीनशे रुपये जमा केले होते. आम्ही दिले नाहीत, कारण पोर म्हणाली, मला येते. पण ज्यांनी दिले नव्हते त्यांनाही कान होतेच. पोरीने कानात बोटे घातली तेव्हा मास्तर हसले. तिची जिवाभावाची मैत्रीण पुढच्या बाकावर होती, तीही ऐकून लिहीत होती. घरी येऊन पोर जेवली नाही. मला विचारते, अण्णा, मी हे कोणाला सांगू का? तिची आई म्हणते, गप्प बैस, आपल्याला याच गावात दारेखिडक्या करून पोट भरावयाचे आहे. धाकटा नववीत त्याच शाळेत आहे. तरी तुम्ही काय म्हणता ते कळवावे.’

हे पत्र आम्ही दोन रात्री उशाशी ठेवले होते. उत्तर सोपे आहे असे ज्यास वाटेल त्याने खुशाल आम्हांस मंद म्हणावे. शहरात पंख्याखाली बसून ‘खऱ्याची कास धरा’ असा उपदेश पाठविणे ही दोन ओळींची गोष्ट आहे. त्या दोन ओळींचे ओझे मात्र पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पडावयाचे आहे.

प्रथम त्या पोरीच्या आईचे म्हणणे घेऊ, कारण ते भित्रेपणाचे आहे असे आम्ही मानीत नाही. आमच्या खेड्यांत चुगली हा शब्द शिवीसारखा आहे, आणि तो उगाच तसा झालेला नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांच्या डोक्यावर सावकार, मामलेदार, पाटील असे एकावर एक बसलेले होते. त्यांच्या कानाशी लागणारा एखादा इसम प्रत्येक गावात असे, आणि त्याच्यामुळे कोणाचे धान्य जाई, कोणाची जमीन जाई. जप्ती आली असता शेजाऱ्याची म्हैस कोणाच्या गोठ्यात बांधली आहे हे ठाऊक असून जो सांगत नसे, तो माणूस गावात भला गणला जाई. आणि आम्ही म्हणतो, तो भलाच होता. दुबळ्याने दुबळ्यास पाठीशी घालावे ही आमची शिकवण आहे. ज्यांच्या बापजाद्यांची म्हैस कधी जप्तीत गेली नाही त्यांनी या शिकवणीस नाके मुरडू नयेत.

परंतु परीक्षेच्या खोलीत कोणाची म्हैस कोणी लपविली होती, हे नीट पाहिले पाहिजे. तीनशे रुपये घेऊन उत्तरे सांगणारा मास्तर हा काही जप्तीने गांजलेला शेजारी नव्हे. तेथे तोच मामलेदार आणि तोच सावकार. वसुलीही त्यानेच केली. त्याला पाठीशी घालणे म्हणजे दुबळ्यास पाठीशी घालणे नव्हे. आमच्या घरांतून दोन गोष्टींची येथे गल्लत होते, आणि लबाड माणसे ती गल्लत मुद्दाम टिकवून धरतात. ‘अरे, आपल्याच माणसाची चुगली करतोस?’ असे म्हटले की झाले! जो आपला आहे म्हणून सांगतो, तो आपल्याच पोरांकडून तीनशे रुपये घेताना आपला नव्हता काय?

आता नुकसान कोणाचे झाले ते पाहू. लोक म्हणतात, सर्वांनीच लिहिले, मग कोणाचे काय गेले? सुताराच्या पोरीचे गेले. तिने वर्षभर चुलीजवळ बसून गणिते सोडविली. तिचे गुण आणि ऐकून लिहिणाराचे गुण आता एकाच ओळीत उभे राहणार. अकरावीची जागा, तंत्रनिकेतनाची जागा, पुढे परिचारिकेच्या शिक्षणाची जागा, सर्व मोजक्याच असतात. एका गुणावर नाव यादीच्या वर जाते किंवा खाली येते. सुतारदादांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचा गुण्या सूतभर वाकडा, त्याची चौकट जन्मात बसत नाही, हे ते आम्हांस शिकवतील.

आणि हे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. आजचा ऐकून लिहिणारा उद्या कोठे तरी नोकरीस लागतो. सन २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत काय झाले ते पाहा. पैसे घेऊन उमेदवारांचे गुण वाढविल्याचे प्रकरण पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर काढले; राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांसच त्यात अटक झाली, आणि पुढे २०२२ साली सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. वाचकहो, हे उमेदवार कोणाच्या मुलांस शिकविण्याकरिता पात्र व्हावयाचे होते? साहेबांची मुले तर निराळ्या शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत, गळक्या पत्र्याखाली बसतात ती आमची मुले. तेव्हा नकलेचे पीक शेवटी आमच्याच खळ्यावर येऊन पडते, आणि ते आम्हीच खातो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच लोकांकडून येतो म्हणून त्यास मान देऊन उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात : ‘संपादकमहाराज, शहरातल्या मुलास शिकवणी आहे, घरी शिकलेली आईबापे आहेत. आमच्या शाळेत गणिताचा मास्तर दोन वर्षे नाही. पोराने काय करावे? चिठ्ठी हीच त्याची शिकवणी!’

या म्हणण्यातील पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो आम्ही या पत्राच्या पानापानावर मांडीत आलो आहो. परंतु दुसरा अर्धा भाग घातक आहे. कसा, ते सांगतो. ज्या शाळेत गणिताचा मास्तर नाही, त्या शाळेचा गणिताचा निकाल काय लागावयास पाहिजे? पडावयास पाहिजे. तो पडला म्हणजे गावाने तो कागद हाती घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसावे आणि विचारावे, आमचा मास्तर कोठे आहे? पण निकाल शेकडा पंचाण्णव लागला तर गावाने काय घेऊन जावयाचे? अधिकारी म्हणणार, ‘तुमचा निकाल तर उत्तम आहे, मास्तर कशाला पाहिजे?’ सन २०२५ च्या दहावीत सबंध राज्याचा निकाल शेकडा ९४.१० लागला. तो सारा नकलेचा होता असे म्हणणे म्हणजे लाखो कष्टाळू मुलांचा अपमान होईल, आणि आम्ही तो करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या केंद्रावर दार लोटून घेतले जाते, त्या केंद्राचा आकडा हा सरकारच्या नाकर्तेपणावर घातलेला शेला आहे, आणि तो शेला विणण्याचे तीनशे रुपये आमच्याच खिशातून जातात.

सन १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन केले. सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती. त्या वेळी आमच्या पोरांस अक्षर येत नव्हते आणि ते येत नाही हे उघड दिसत होते, म्हणून ती तक्रार ठामपणे करता आली. त्या काळी कोणी आमच्या हाती खोटे दाखले ठेवले असते, तर जोतीरावांनी कमिशनपुढे काय मांडले असते? खोटा निकाल म्हणजे आमच्याच फिर्यादीवर ओतलेले पाणी होय. आणि ‘यांना डोके नाही, हे असेच पास होतात’ असे म्हणण्यास जे टपून बसलेले आहेत, त्यांच्या हाती आयता पुरावा, तो वेगळाच.

सन २०१० साली नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम चालविली, आणि पुढे तिचा कित्ता राज्यभर गिरविण्यात आला. अशी मोहीम चालली की काही ठिकाणी निकाल खाली येतो, आणि ओरड होते की पोरांचे वाटोळे झाले. आम्ही म्हणतो, वाटोळे आधीच झाले होते, ते त्या दिवशी दिसले एवढेच. ताप काट्यावर दिसतो म्हणून काटा फोडणारा वैद्य कोणी पाहिला आहे काय?

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोरीने सांगावे की नाही?

कोणी इंग्रजी शिकलेले गृहस्थ आम्हांस सांगतील की, अमेरिकेत विद्यार्थी एकमेकांवर लक्ष ठेवतात. ही गोष्ट खरी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ साली विद्यार्थ्यांनी अशी पद्धत सुरू करविली की परीक्षेच्या खोलीत शिक्षकाने पहारा करावयाचा नाही. मुलांनी नक्कल न केल्याची ग्वाही लिहून द्यावयाची, आणि दुसरा करताना दिसला तर ते सांगावयाचे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा दंडक याहून कडक. तेथे लबाडी करणारा जितका दोषी, तितकाच ती पाहून खपवून घेणारा. १९५१ साली तेथून सुमारे ९० छात्रांना जावे लागले. त्यांत फुटबॉलच्या संघातले गडी पुष्कळ होते, आणि काहींचा दोष इतकाच की माहीत असून ते बोलले नाहीत. म्हणजे तेथेही मित्र मित्राला पाठीशी घालतो, हे आलेच. पण आम्हांस निराळी गोष्ट दाखवावयाची आहे. प्रिन्स्टनमध्ये पहारेकऱ्यास बाहेर काढून मुलांनी पहारा आपल्या हाती घेतला होता. ज्याच्या हाती पहारा, त्याच्यावर जबाबदारी. हे न्यायाचे झाले. आमच्याकडे वर्गावर पर्यवेक्षक, त्याच्यावर केंद्रसंचालक, बाहेर बैठे पथक, रस्त्यावर भरारी पथक आणि दाराशी पोलीस. एवढी सगळी पगारी माणसे उभी असताना चोर पकडण्याचे काम बाकावरच्या पोरीने करावे, हा कोठला न्याय?

आणि हे पगारीच कुंपण होऊन शेत खाऊ लागले तर? ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताची पाने बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा भागातून पेपर सुरू होण्याच्या आधीच मोबाइलवर फिरली. पकडलेल्यांत शिक्षक होते. मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यात शाळेच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या देणाऱ्या नातेवाइकांची छायाचित्रे निघाली, तेव्हा आम्ही मराठी लोक पोट धरून हसलो. आपला तो बाब्या! आमच्याकडे परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ सालचा आहे, म्हणजे त्यास चाळीस वर्षे उलटून गेली, आणि तरीही दार लोटून घेण्याची हिंमत होते. दिल्लीने २०२४ साली भरतीच्या व प्रवेशाच्या मोठ्या परीक्षांकरिता नवा कायदा केला. तो दहावी-बारावीस लागू नाही, परंतु त्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात राहिली. त्या कायद्याचा रोख पेपर फोडणारांवर, विकणारांवर व टोळी करून धंदा करणारांवर आहे. त्यास तीन वर्षांपासून पुढे कैद आहे. परीक्षा देणाऱ्या मुलास मात्र त्याने तुरुंगाची वाट दाखविलेली नाही. त्याचा निकाल परीक्षेच्या नेहमीच्या नियमांनी लावावयाचा. कायदा करणारांस जे उमगले ते आमच्या गावास उमगावयास हरकत नाही. नाही तर चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ठरलेलेच.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीचे नाव पोरीने कोठेही सांगू नये. ते सांगून मास्तर सुटेल आणि एक गरिबाची पोर अडकेल, यापलीकडे काही होणार नाही. त्यास आम्ही चुगली म्हणू. परंतु मास्तरने दार लोटले, पैसे घेतले व उत्तरे सांगितली, हे सांगितलेच पाहिजे. ती फिर्याद आहे, आणि ती न करणे हे पाप आहे. खाली बोट दाखविणे आणि वर बोट दाखविणे, यांत फरक आहे.

मैत्रिणीविषयी मात्र ‘नाव सांगू नको’ एवढ्यावर आम्ही पोरीची सुटका करीत नाही. येथे आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. आम्ही दहावीत असताना मागच्या बाकावरच्या सोबत्यास आमची पुरवणी देत होतो. घट्ट दोस्ती होती, शेजारचे घर होते. तो पास झाला, त्याच्या बापाने पेढे वाटले, आणि आम्हांस आपण मोठे दानशूर कर्ण आहो असे वाटले. पुढे तो अकरावीस विज्ञानाला गेला आणि सहा महिन्यांत घरी परत आला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो भेटला तेव्हा हसतच म्हणाला, ‘गड्या, तू पुरवणी दिलीस, पण तीच गणितं उन्हाळ्यात ओट्यावर बसून शिकवली असतीस तर?’ आम्ही काय उत्तर देणार? पान खाण्याच्या मिषाने उठून बाहेर आलो. तेव्हा सुताराच्या पोरीने मैत्रिणीच्या घरी जावे, तिला तोंडावर सांगावे की तू केलेस ते मला आवडले नाही, आणि या सुट्टीत रोज तासभर तिच्याबरोबर गणित घेऊन बसावे. मैत्रीण रागावेल. रागावू द्यावी. चार दिवसांनी येईल.

आता फिर्याद करावयाची कोणी? पोरीने नव्हे. दहावीत गणिताचे ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातचे असतात. थोरली सुटली, पण धाकट्याचे वीस गुण पुढल्या साली त्याच शाळेच्या हाती आहेत. मुलांस पुढे करून मोठ्यांनी मागे उभे राहणे हा मर्दपणा नव्हे. फिर्याद बापांनी करावी, आणि एकट्या बापाने करू नये. एकटा सुतार बोलला तर गावाची दारेखिडक्या दुसरीकडे जातील. पाच बाप बोलले तर गाव कोणाकोणाला वाळीत टाकणार? तीनशे रुपये ज्यांनी दिले तेही या पाचांत असावेत. त्यांना लाज वाटेल, पण पैसे कोणी मागितले व कोणाच्या हाती दिले हे त्यांनाच ठाऊक आहे, आणि त्यांच्या तोंडून आले म्हणजे फिर्यादीस वजन येते. तारीख, विषय, खोलीचा क्रमांक, मागितलेली रक्कम एवढे साध्या मराठीत लिहावे. कोणाही मुलाचे नाव घालू नये. एक प्रत शिक्षण मंडळाच्या आपल्या विभागीय कार्यालयास, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांस पाठवावी, आणि दोन्हींची पोच घ्यावी. निनावी अर्ज मुळीच करू नये. तो टोपलीत जातो, आणि गावात संशय मात्र प्रत्येकाच्या दाराशी हिंडतो.

त्याच कागदावर शेवटी आणखी एक ओळ लिहावी. शाळेत गणिताचा शिक्षक आहे की नाही, नसल्यास किती दिवस नाही, आणि तो केव्हा मिळणार. नुसती मास्तरची फिर्याद केली तर एका मास्तरची बदली होईल आणि दुसरा येऊन तेच दार लोटील. ही ओळ असली म्हणजे सरकारासही काही उत्तर देणे भाग पडते.

फिर्याद केल्यावर काय होईल? चौकशीस कोणी येईल किंवा येणारही नाही. फेरपरीक्षेची टांगती तलवार साऱ्या गावाच्या मुलांवर येईल आणि लोक सुताराच्या घराकडे बोट दाखवितील, हेही होऊ शकते. हे भय आम्ही लपवीत नाही. म्हणूनच नावगाव छापले नाही. परंतु भय आहे म्हणून पाच माणसे मिळवावयाची. भय नसते तर एकटा पुरला असता.

सुतारदादांस आम्ही हेच उत्तर टपालाने पाठविले. परवा त्यांचा उलट निरोप आला. तीन बाप तयार आहेत : ते स्वतः, एक वाटेकरी शेतकरी, आणि तिसरा पुढच्या बाकावरच्या मुलीचा बाप. पहिला अर्ज त्या दोघी मुलींनीच मिळून लिहून काढला आहे म्हणतात. आणखी दोन सह्या पाहिजेत. त्या मिळाल्या व अर्जाची पोच हाती आली, म्हणजे पुढील हकिकत याच जागी देऊ.